पॉपीची सबब

मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या माना सरळ केल्या. शाळेच्या मैदानावर रांगा लावायच्या, शिट्टी फुंकायची, आणि एखाद्याची हनुवटी छातीला टेकलेली दिसली की मागून जाऊन ती दोन बोटांनी वर उचलायची, हा त्यांचा पेशा. निवृत्त झाले तरी बोटांची सवय गेली नव्हती. दूधवाला पिशवी ठेवायला वाकला तरी त्यांची बोटं वळवळायची.

त्यामुळे सुनेने लावलेल्या पॉपींना पहिल्या कळ्या आल्या आणि त्या सगळ्याच्या सगळ्या माना टाकून लोंबताना दिसल्या, तेव्हा मास्तरांनी जे केलं ते त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्यांनी खराट्याच्या काड्या काढल्या, शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, आणि एकेका कळीला काडी लावून ताठ बांधून टाकलं.

सून संध्याकाळी कामावरून आली तेव्हा गच्चीवर कुंड्यांची रांग होती आणि कळ्या हात मोडलेल्या पोरांसारख्या बांधलेल्या अवस्थेत आकाशाकडे बघत होत्या.

"बाबा, यांना काय झालंय?"

"कण्यात जोर नव्हता. आता बरं आहे."

"अहो, पॉपीची कळी अशीच असते. उमलेपर्यंत मान खाली. उमलायची वेळ आली की आपली आपण वर करते."

"कुणी न सांगता?"

"कुणी न सांगता."

मास्तरांनी एका काडीचा दोरा सोडला. "तीस वर्षं," ते म्हणाले, "तीस वर्षं मी शिट्टी फुंकली."

जिन्यातून चिरंजीवांचा आवाज आला, "बाबा, माझी मान तेवढी आहे तशी राहू द्या. दिवसभर लिफ्टच्या भोकातून वर बघून आधीच अवघडलीय." चिरंजीव म्हणजे मास्तरांचा एकुलता एक मुलगा. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. मोठ्याने हसायचा आणि कमी बोलायचा. घरात दोनच पुरुष असल्यामुळे ही कामाची वाटणी सोयीची होती. बोलायचं काम मास्तर करायचे.

घर तसं आटोपशीर. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर मुलगा-सुनेची खोली आणि गच्ची, मागे जमिनीची एक पट्टी. त्या पट्टीत मास्तरांचा व्यायामाचा डबल बार उभा होता, कडेला एक नळ होता जो कधीच पूर्ण बंद व्हायचा नाही, आणि बाकी गवत. मास्तरांची बायको गेली त्यानंतर काही वर्षं या घरात दोन माणसांच्या चपला असायच्या आणि दोघेही एकमेकांना "जेवलास का", "जेवलात का" एवढंच विचारायचे. सून आली आणि घराला वाचा फुटली.

सून फुलांच्या दुकानात काम करायची. दुकान तिच्या आईचं, म्हणजे मास्तरांच्या विहीणबाईंचं, दोन गल्ल्या पलीकडे, कोपऱ्यावर. पॉपीचं वेड तिला तिथेच लागलं. दुकानात पॉपी लांबून पेटीत भरून यायच्या, आणि पेटी उघडली की वर देठ आणि तळाशी पाकळ्यांचा गालिचा. गिऱ्हाईक काय, देठ घेऊन जाणार? तेव्हा तिने ठरवलं की आपणच लावू. एका हंगामात मरणाऱ्या नाहीत, एकदा धरल्या की वर्षानुवर्षं येणाऱ्या. काही कुंडीसकट विकायच्या, काही दांडी कापून.

थंडी सुरू होताना तिने बी आणलं होतं. ते बघून मास्तरांचा विश्वासच बसेना. खसखशीची चुलत बहीण, पण खसखशीपेक्षाही बारीक. चिमटीत घेतलं तर किती आहेत ते कळत नाही, आणि शिंक आली तर एकही उरत नाही. सुनेने ते कोरड्या वाळूत मिसळलं, म्हणजे एकाच जागी ढीग पडू नये, ट्रेमधल्या ओल्या मातीवर भुरभुरलं, सपाट फळीने हलकेच दाबलं आणि हात झटकले.

"झालं? वरून माती नाही घालणार?"

"नाही बाबा. यांना उगवायला उजेड लागतो. झाकलं तर अंधारात नुसत्या पडून राहतील."

"म्हणजे उजेड दिसला की उठतात. शिस्तीचं पीक आहे. आमच्याकडे चिरंजीव आहेत, ऊन तोंडावर आलं तर कूस बदलतात."

"ऐकू येतं मला," आतून आवाज आला.

पाणीही वरून घालायचं नव्हतं. ट्रे परातीत ठेवायचा, पाणी परातीत घालायचं, माती खालून हवं तेवढं पिते. हे मास्तरांना पटलं. पण उघड्यावर ठेवलेलं बी रात्री गारठेल हे काही त्यांच्या मनातून जाईना. दोन-तीन दिवस दिवेलागणीला ते वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर जात आणि सकाळी सून उठायच्या आत ते काढून घेत. चौथ्या दिवशी चहा पिताना सून म्हणाली, "बाबा, क्रीडा पानाला वाळू कशी लागलीय हो?"

"सामना मैदानी होता," मास्तर म्हणाले.

रोपं आली. दाट आली. सुनेने कात्रीने जास्तीची कापायला घेतली. नापास झालेल्या पोरांना वर्गाबाहेर काढावं तसं ते मास्तरांना वाटलं. अजून कापायच्या राहिलेल्यांतली मूठभर त्यांनी हळूच उपटली आणि मागच्या पट्टीत, दोरी धरून, सरळ रांगेत लावली. नापासांची खास तुकडी. आठवड्याच्या आत अख्खी तुकडी आडवी झाली.

"यांना मूळ हलवलेलं चालत नाही," सुनेने समजावलं. "बारीक गाजरासारखं मूळ सरळ खाली जातं. त्याला धक्का लागला की रुसतात. म्हणून मी लहान असतानाच एकदा कुंडीत घालते आणि मग हात लावत नाही. जिथे लावलं तिथे राहू द्यायचं."

"जिथे लावलं तिथे राहू द्यायचं," मास्तरांनी मान डोलावली. वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते नीट घडी घालून मनात ठेवून दिलं. पुढे कामाला येईल, असं काही तेव्हा त्यांच्या डोक्यात नव्हतं.

तर, कळ्यांचे दोरे सोडले गेले आणि काही दिवसांनी त्या खरंच आपल्या आपण उठल्या. बियांपासून केलेली रोपं पहिल्याच वर्षी सगळी फुलत नाहीत. बारा कुंड्यांतल्या चारच फुलल्या. पण त्या चारांनी धमाल उडवली. हिरवी, केसाळ टोपी फुटून आतून चुरगळलेला शेंदरी रेशमी कपडा बाहेर यावा, आणि दुपारपर्यंत कुणीतरी इस्त्री करून गेल्यासारखा पसरावा. सून मात्र उमललेली फुलं कापायची नाही. टोपीला चीर जाऊन रंगाची रेघ दिसली की तेवढ्यातच दांडी कापायची, आणि कापलेलं टोक लगेच मेणबत्तीवर धरायची.

"हे काय, डाग देतेस?" मास्तरांनी विचारलं.

"आतून पांढरा चीक वाहतो. टोक भाजलं की चीक थांबतो आणि फूल पाण्यात चांगलं राहतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी मान टाकतं."

"आणि मग काडी बांधलेली चालते?"

"बाबा!"

दुकानात ती फुलं पहिल्या दिवशी सकाळीच संपली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं कुंडी मागायला लागली. आणि तिसऱ्या दिवशी विहीणबाई रिकामी टोपली घेऊन स्वतः घरी आल्या, तेव्हा मास्तरांना कळायला हवं होतं की हे काही फुलं न्यायला आलेलं पाऊल नाही.

विहीणबाई उंचीने मास्तरांच्या खांद्याला लागायच्या आणि बोलण्यात त्यांच्या डोक्यावरून जायच्या. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"व्याहीबुवा, तुमच्या गच्चीने नाव काढलं हो."

"गच्चीने नाही, तुमच्या लेकीने."

"ऐकलंस का गं, मास्तर कौतुक करतायत. पंखा बंद कर, थंडी वाजेल मला. बरं, मुद्द्याचं. दुकानाच्या वरची खोली रिकामी होतेय. भाडेकरू पुढल्या महिन्यात चाललाय. मोठी खोली, न्हाणीघर वेगळं, पुढे लांब बाल्कनी. मी म्हटलं, पोरं तिथेच आली तर? हिचं काम जिन्याच्या खाली. कुंड्या बाल्कनीत. ऊन सकाळचं. जावईबापूंना काय, लिफ्ट सगळीकडेच बिघडतात."

 चिरंजीवांनी बशीत बघितलं. सुनेने मास्तरांकडे बघितलं.

"उत्तम," मास्तर म्हणाले. "उत्तमच. सोयीचं आहे."

आवाज मैदानावरचा होता, खणखणीत. तो इतका खणखणीत होता की सुनेची नजर त्यांच्यावरून हलेना. पण मास्तर उठून चहाचे कप गोळा करायला लागले होते, आणि भरलेले कपही गोळा करत होते.

एवढंच म्हणायचं होतं की राहा. एक शब्द. पण मास्तरांना सांगायची सवय होती, मागायची नव्हती. शिवाय पोरांचं सोयीचं असताना आपण मधे येणं म्हणजे काय? लोक काय म्हणतील, म्हातारा पोरांना खुंटीला बांधतो. मूग गिळून ते चार दिवस फिरले. पाचव्या दिवशी त्यांना घडी घालून ठेवलेलं वाक्य आठवलं.

"सूनबाई," ते जेवताना म्हणाले, "तुमचं जायचं ते ठीक आहे. माझा काही प्रश्न नाही. पण या पॉपींचं काय? यांना हलवलेलं चालत नाही, तूच म्हणालीस. जिथे लावलं तिथे राहू द्यायचं."

सुनेने घास गिळला. "बाबा, त्या कुंडीत आहेत."

"मग?"

"कुंडीसकट उचलायच्या. मुळाला कळणारही नाही. त्यासाठीच तर कुंडीत लावल्यात."

चिरंजीवांना ठसका लागला. मास्तरांनी त्यांना पाणी दिलं आणि पाठीत गरजेपेक्षा थोडी जोरात थाप मारली.

पुढच्या रविवारी मुलगा आणि सून दुकानावरची खोली बघायला गेले. दार बंद झाल्याबरोबर मास्तरांनी कुदळ काढली. मागच्या पट्टीत डबल बारच्या समोर त्यांनी तीन रांगा आखल्या, दोन रोपांत हातभर अंतर, आणि गच्चीवरच्या बाराही कुंड्या एकेक करून खाली आणल्या. कुंडीत आहेत म्हणून हलतात ना? मग कुंडीतच ठेवायच्या नाहीत. एकदा जमिनीत गेल्या, मूळ खाली उतरलं, की बघू कोण उपटतंय.

बेत सोपा होता, काम नव्हतं. कुंडी उपडी केली तरी गोळा सुटेना. मुळं तळाच्या भोकापर्यंत जाऊन अडकून बसली होती. मास्तरांनी हळू ओढलं, मग जरा जोर लावला, तेव्हा खालून कट् असा आवाज आला आणि वरचा गोळा हातात आला. तळाची वीतभर माती कुंडीतच राहिली. बाराही वेळा तसंच झालं. प्रत्येक वेळी तो आवाज मास्तरांच्या दाढेत गेला, पण आता माघार कुठली? त्यांनी रोपं लावली, पाणी घातलं, आणि उरलेल्या मातीसकट कुंड्या नळापाशी ओल्या जमिनीवर मांडून दिल्या.

सून परत आली, मागच्या दारात उभी राहिली, तीन रांगा बघितल्या, मग मास्तरांचे मातीने भरलेले गुडघे बघितले.

"कुंड्या लहान पडत होत्या," मास्तर म्हणाले. "पोरांना मैदान लागतं."

"हो का?"

"हो. मग खोली कशी आहे?"

"मोठी आहे," सून म्हणाली, आणि हसू आवरायला की रडू आवरायला ते मास्तरांना कळलं नाही, पण ती पटकन आत गेली.

ऊन वाढलं. आणि उन्हाबरोबर पॉपी पिवळ्या पडायला लागल्या.

आधी खालची पानं, मग वरची. मास्तरांनी पाणी वाढवलं, दुपारी चादर बांधून सावली केली. त्यांना रोज सकाळी डबल बारवर चढल्यावर समोर तीन रांगा दिसायच्या आणि रोज एक हजेरी कमी भरायची. शेवटी एके सकाळी जमिनीवर तपकिरी वाळक्या पानांच्या बारा जुड्या तेवढ्या उरल्या. मास्तर बारवरून खाली उतरले आणि त्या दिवशी व्यायाम झाला नाही. बीपासून, वाळूपासून, मेणबत्तीपासून पोरीने जे उभं केलं ते आपण कट् कट् करून तोडलं, आणि कशासाठी? एक शब्द तोंडातून निघेना म्हणून.

ते सरळ स्वयंपाकघरात गेले. सून ओट्याशी उभी होती.

"मी मारल्या," ते म्हणाले.

"काय?"

"पॉपी. खालून मुळं तुटत होती, आवाज येत होता, तरी मी ओढत राहिलो. मैदान-बिदान काही नाही. कुंडीसकट नेता येतील म्हणालीस, म्हणून जमिनीत घातल्या."

यानंतर खरं तर एकच वाक्य उरलं होतं. पण ते काही आलं नाही. मास्तर नुसते उभे राहिले, आणि सुनेच्या लक्षात आलं की मास्तरांची हनुवटी छातीला टेकली आहे.

तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि मागे जाऊन रांगांपाशी उकिडवी बसली. "पाणी किती घालताय?"

"दोन वेळा."

"आधी ते बंद करा. बाबा, या जातीची पॉपी उन्हाळ्यात अशीही झोपते. फुलं झाली की पानं टाकते आणि जमिनीखाली पडून राहते. थंडी आली की परत येते."

मास्तरांचा चेहरा उजळला.

"पण," सून म्हणाली, "या झोपल्यात की मेल्यात, ते मला वरून सांगता येणार नाही. दोन्ही दिसायला सारखंच. आणि उकरून बघितलं, तर झोपलेल्या असतील त्याही मरतील."

"मग?"

"मग थांबायचं. थंडी पडेपर्यंत."

"आणि तुमचं जायचं?"

सून गुडघ्यावरची माती झटकत उठली. "रोपांचं काय ते कळल्याशिवाय कसं हलायचं?" ती म्हणाली, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, आणि आत गेली.

मास्तरांना अख्खा हंगाम मिळाला. इतक्या मनापासून त्यांनी उन्हाळ्यावर कधी प्रेम केलं नव्हतं. लोक घामाने बेजार व्हायचे आणि मास्तर गल्लीतून "छान हवा आहे" म्हणत जायचे.

पण हवा कुणाला बांधील नसते. पाऊस येऊन गेला, ती पालटायला लागली, सकाळी अंगावर काही घ्यावंसं वाटायला लागलं, आणि एक दिवस दुकानावरून जाताना मास्तरांनी सहज वर बघितलं. वरच्या खोलीच्या खिडकीला पडदे लागले होते. नवे. निळ्या कापडावर पिवळी बदकं.

मास्तर रस्त्यात उभेच राहिले. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली, त्यांना ऐकू आली नाही. म्हणजे ठरलंय. सामान जायला लागलंय, आपल्याला कुणी सांगितलं नाही एवढंच. आणि बदकं? मोठी माणसं खिडकीला बदकं लावतात होय? बदकं लावतात ती घरात पाळणा येणार असला की. सुतावरून स्वर्गाला जायला मास्तरांना गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतचा वेळ पुरला. घरी येईपर्यंत त्यांनी नातवाचं बारसं केलं होतं, त्याला चालायला शिकवलं होतं, आणि ते सगळं दुसऱ्याच घरात. घरात कुणाला ते काही बोलले नाहीत. फक्त सुनेच्या हातातून पाण्याची बादली काढून घेतली, "तू उचलू नकोस," म्हणाले, आणि ती बघतच राहिली.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी पहिल्या रांगेत वाळक्या जुडीच्या मधोमध हिरवं काहीतरी दिसलं. केसाळ, दातेरी, करंगळीच्या नखाएवढं. मग शेजारी. मग दुसऱ्या रांगेत. मास्तर बारवरून उडी मारून उतरले, या वयात मारू नये अशी. झोपल्याच होत्या! नुसत्या झोपल्या नव्हत्या, जमिनीत उठल्या होत्या. आता मूळ खाली गेलंय. आता यांना कोण हलवतंय? आणि या नाही हलल्या तर...

तोंड धुवायला ते नळापाशी गेले आणि तिथेच थबकले.

रिकाम्या कुंड्यांतही हिरवं होतं. सगळ्यांत नाही, पण आठ-नऊ कुंड्यांत, कडेने, मधून, कुठे एक तर कुठे तीन. तीच केसाळ, दातेरी पानं. मास्तरांनी एका कुंडीत हलकेच बोट घालून माती सारली. खाली मुळाचा तुकडा होता, कट् आवाज करून तुटलेला, आणि त्याच्याच टोकाला कोंब फुटला होता. पॉपीला मूळ हलवलेलं चालत नाही हे खरं, पण तुटून मागे राहिलेला तुकडा स्वतःचं वेगळं रोप होऊन बसतो, हे मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळाभर तो नळ ठिबकत होता आणि त्यांनीच मांडलेल्या कुंड्यांत त्यांच्याच चोरीला पालवी फुटत होती.

मास्तर खाली बसले. सबब गेली होती. जमिनीतल्या इथे राहिल्या तरी कुंडीतल्या खुशाल बाल्कनीत जाऊ शकत होत्या, आणि त्यांच्यामागून बाकीचं सगळं.

घरात अजून कुणी उठलं नव्हतं. मास्तरांची नजर कोपऱ्यातल्या मोठ्या घमेल्यावर गेली. त्यांनी ते उचललं आणि जवळच्या दोन कुंड्यांवर उपडं ठेवलं. बाकीच्यांवर पोतं टाकता येईल. आठ-दहा दिवस. झाकलं तर अंधारात नुसत्या पडून राहतील. ते उठले, मागच्या दारापर्यंत गेले, उंबऱ्यात एक पाय ठेवला.

मग परत आले आणि घमेलं काढलं.

"सूनबाई!" त्यांनी हाक मारली, सगळी गल्ली उठेल अशी. "इकडे ये! कुंड्यांत आलंय!"

सून झोपेतल्या केसांनीच धावत आली. ती कुंड्यांपाशी बसली, एका कुंडीतली पानं बोटाने वळवून बघितली, मुळाचा तुकडा बघितला, आणि इतकी हसली की चिरंजीवही खाली आले. "बाबा, लोक हे मुद्दाम करतात. मुळाचे तुकडे करून लावतात. तुम्ही शिकवणी न लावता पास झालात."

मास्तर हसले नाहीत.

त्याच सकाळी विहीणबाई दुकानाचा टेम्पो घेऊन हजर झाल्या. सुनेने फोन केला असणार. त्यांनी तीन रांगा बघितल्या, कुंड्या बघितल्या, पदर खोचला. "चला, हे तर दुप्पट झालं. कुंड्या आजच नेऊ."

"न्या," मास्तर म्हणाले.

चिरंजीवांनी वाकून एक कुंडी उचलली.

"कुंड्या न्या," मास्तर परत म्हणाले, पण आवाज मैदानावरचा नव्हता.  "कुंड्या जाऊ देत. तुम्ही दोघं राहा. म्हणजे, सोयीचं नसेल तर... नाही, तसं नाही. सोयीचं नसलं तरी राहा. मला इथे एकट्याला करमणार नाही."

नळ ठिबकला. एकदा, दोनदा.

"अगंबाई," विहीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आले की शब्द! व्याहीबुवा, ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं? एवढं बोलायला तुम्हाला अख्खा उन्हाळा लागला. आणि बारा रोपं."

"पण तिकडे तर पडदेही लागलेत," मास्तर म्हणाले. "मी बघितलेत. बदकांचे. आणि सूनबाई, तब्येतीला जपायचं. बाळाचं—"

"कुणाचं बाळ?" सून आणि चिरंजीव एकदमच म्हणाले.

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. "अहो, ते पडदे नव्या भाडेकरूचे! दंतवैद्य आहे तो. महिना झाला येऊन. एकटा राहतो, आणि त्याला बदकं आवडतात. आता दातवाल्याला मी कसं विचारणार, बाबा रे, बदकंच का?"

मास्तरांनी सुनेकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही जाणारच नव्हतात?"

"तुम्ही स्वयंपाकघरात येऊन 'मी मारल्या' म्हणालात ना," सून म्हणाली, "त्याच दिवशी मी आईला सांगितलं, खोली देऊन टाक."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठे? मी वाट बघत होते. मला वाटलं, आतून आपलं आपण वर येईल."

 मास्तरांनी टेम्पोकडे तोंड केलं आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. एकेक कुंडी. दोन्ही हातांनी. तळाला आधार. पाय बघून. चिरंजीव मुकाट्याने कुंड्या नेत होते, विहीणबाई टेम्पोत त्या मांडत होत्या आणि "हो साहेब, जी साहेब" म्हणत होत्या. मास्तरांच्या बादलीवरच्या सक्तीचा अर्थ आत्ता सुनेच्या लक्षात आला होता आणि ती पायरीवर बसून हसत होती.

शेवटची कुंडी नळाच्या बरोबर खाली होती. चिरंजीवांनी ती धरून ओढली. हलली नाही. वाकून बघितलं तर तळाच्या भोकातून मूळ निघालं होतं आणि सरळ खाली, ओल्या जमिनीत उतरलं होतं.

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "ही तुम्ही बांधून ठेवलीत का?"

"मी काही केलेलं नाही," मास्तर म्हणाले, आणि या वर्षात पॉपींच्या बाबतीत हे वाक्य पहिल्यांदाच खरं होतं. पण आता कोण विश्वास ठेवतंय?

"राहू दे ती," सून पायरीवरून म्हणाली. "जिथे आहे तिथे."